लेकीच्या बाजूची रेघ

२०२३च्या अखेरीस महाराष्ट्रभरच्या तहसील कचेऱ्यांत जुन्या दप्तरांची गाठोडी सुटली. जातीच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. कोतवाल बुकं बाहेर आली, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं बाहेर आली, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला कधी नव्हे तो भाव आला. या रजिस्टरांत माणूस शोधायचा तो बापाच्या नावानं. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असं मागे मागे जायचं आणि जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायचं. त्याच ओळीत मरणाच्या कारणाचाही रकाना असतो. तिकडे बघायचं कुणाला कारण नव्हतं, आणि बघून हाती फारसं काही लागलंही नसतं. इंग्रजी अमलात मृत्यूची कारणं ठरावीक असत: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा, पुढे त्यात प्लेगची भर पडली, आणि उरलेलं सगळं ‘इतर’. कर्करोगानं गेलेली बाई ‘इतर’मध्ये, नाहीतर ‘तापा’त. तीही सासरच्या गावच्या रजिस्टरात, नवऱ्याच्या नावाखाली. तिची थोरली बहीण तिसऱ्याच गावात, आई आणखी चौथ्या. बारामतीजवळच्या एखाद्या माहेरातून एक लेक इंदापूरकडे निमगाव केतकीला, दुसरी दौंडच्या बाजूला, तिसरी नीरेपलीकडे फलटण भागात दिलेली असली, तर तिघी एकाच दुखण्यानं गेल्या हे कळायला तितक्या गावची रजिस्टरं शेजारी शेजारी उघडावी लागली असती. जातीसाठी ती उघडली गेली. दुखण्यासाठी उघडावी असं कुणाच्या मनात यायला जागाच नव्हती.

माझं म्हणणं असं आहे की बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात घराण्यातून उतरणारा कर्करोग इतकी वर्षं अदृश्य राहिला तो घराणं मोजायच्या इथल्या रीतीमुळे. ती रीत जमिनीसाठी आणि वतनासाठी घडलेली. जमीन बापाकडून लेकाकडे जात होती, म्हणून स्मरणही त्याच वाटेनं गेलं. रक्तातला दोष असा एका वाटेनं जात नाही. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी बांधलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं घ्या. पेशीतला तुटलेला डीएनए सांधण्याचं काम त्यांच्याकडे असतं. त्यांतल्या एकाची बिघडलेली प्रत आईकडे असो की बापाकडे, प्रत्येक मुलाला किंवा मुलीला ती मिळण्याची शक्यता निम्मी. बीआरसीए-१ बिघडलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ७२ जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा, तर सुमारे ४४ जणींना बीजकोशाचा कर्करोग होतो, असा आजचा अंदाज आहे. पुरुषाला मात्र ती प्रत बहुधा जाणवतही नाही. तो ठणठणीत जगतो आणि लेकीच्या पदरात ती टाकून जातो. म्हणजे हा वारसा नीट दिसायचा तर लेकी, बहिणी, आत्या, मावश्या, आज्या सगळ्या एका कागदावर याव्या लागतात. नेमक्या त्याच आपल्या कागदावर नव्हत्या.

कागदावर आल्या की काय होतं हे दुसरीकडे दिसलंच. १८६६ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्यानं आपल्या बायकोच्या माहेरची चार पिढ्यांची हकीकत छापली. त्यातल्या २४ बायकांपैकी १० स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या होत्या. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध त्याच साली छापून झाला होता आणि कुणी वाचला नव्हता, ‘जनुक’ हा शब्द तर जन्मालाही यायचा होता. ब्रोकाकडे होती ती फक्त नावं, नाती आणि मरणाची कारणं. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितलं, की आमच्या घरातली माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं जातात आणि मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. तिनं गोळा करून दिलेल्या नात्यांवरून वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये त्या घराण्याचा वृत्तान्त लिहिला. आज त्या प्रकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं ते १९९० मध्ये. बीआरसीए-१ हाती लागलं १९९४ मध्ये, बीआरसीए-२ पाठोपाठ १९९५ मध्ये. पण संशयाला जागा मिळाली होती ती शंभर वर्षं आधी, आणि ती दिली होती घरच्या माणसांच्या आठवणीनं.

आता आपल्याकडची वंशावळ पाहू. सुपे आणि इंदापूर हे भोसल्यांच्या जहागिरीतले जुने परगणे. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे तंटे देशावर कुठेच नवे नाहीत. तंटा गोतसभेपुढे गेला की वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. पण ती सांगायची वतनासाठी. मूळ पुरुष कोण, त्याला लेक किती, वडीलपण कुणाकडे, तक्षिमा म्हणजे हिस्से कसे पडले, निपुत्रिक कोण वारला, दत्तक कोण आला. बाई त्यात येते ती दत्तक घेणारी विधवा म्हणून, किंवा थोरलीची मुलं आणि धाकटीची मुलं भांडायला लागली तर त्यांची आई म्हणून. लेक कुठे दिली, तिला मुलं किती, ती कशानं गेली हे करीन्यात येण्याचं प्रयोजनच नव्हतं. इंग्रजांनी ही रीत मोडली नाही, उलट कायद्यात बसवली. १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडचा वतन कायदा, आणि त्यात भर घालणारा मुंबई इलाख्याचा १८८६ चा पाचवा कायदा. या दुसऱ्या कायद्यानं ठरवलं की शेवटच्या पुरुष धन्याची विधवा वगळता वतनदार घराण्यातली कुठलीही स्त्री, आणि स्त्रीच्या अंगानं हक्क सांगणारा कुणीही, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या मागे राहील. ‘स्त्रीच्या अंगानं’ हे शब्द थांबून वाचण्यासारखे आहेत. जो वारसा आपण शोधतोय तो निम्मा तरी स्त्रीच्या अंगानं येतो, आणि तिथेच कायद्यानं रेघ तोडली होती. कुलकर्ण्यांची वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, बलुतेदारांची १९५८ च्या, पाटलांची १९६२ च्या. वतनं गेली तरी वंशावळीचा सांगाडा तोच राहिला. आजही दाखल्यासाठी जी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर काढतात ती बापाकडूनच चढत जाते.

गंमत अशी की बापाकडून वंशावळ चढवणारा हाच शेतकरी बाजारात गाय घ्यायला गेला तर तिची आई किती दुधाची होती हे आधी विचारतो. ‘खाण तशी माती’ ही म्हणही आईकडे बोट दाखवणारी. आणि शास्त्रानंही आईला वगळलं नव्हतं. सुश्रुतसंहितेत आदिबलप्रवृत्त, म्हणजे मूळ बीजातल्या दोषानं येणाऱ्या रोगांचे दोन प्रकार सांगितलेत, मातृज आणि पितृज. तेव्हा आईकडून दुखणं येतं हे आपल्या लोकांना ठाऊकच नव्हतं असं कुणी म्हणू नये. ठाऊक होतं, कागद मात्र दुसऱ्या कामाचा होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कागदात नसलं तरी बायकांच्या तोंडी ते होतं. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. जात्यावरच्या ओव्या बघा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यात आई, बहीण, भाऊ, माहेर यांची केवढी दाटी आहे. माहेरची आठवण ठेवणं हे बायकांचंच खातं होतं. पण आठवणीत दुखण्याचं नाव काय होतं ते पाहिलं पाहिजे. बीजकोशाचा कर्करोग वाढला की पोटात पाणी साठतं; घरात त्याचं नाव ‘पोटाला पाणी झालं’, वैद्याकडे जलोदर. गर्भाशयाचा असेल तर ‘अंगावरून जात होतं’. स्तनातला असेल तर ‘छातीला गाठ आली, फुटली, चिघळली’, आणि हे तर बाई नवऱ्यालाही सांगत नसे. आतड्याचा असेल तर ‘गोळा होता’. एका आईला पाणी झालं, एका लेकीला गाठ आली, ही दोन वेगळी दुखणी आहेत असंच कुणालाही वाटेल. ती एकाच मुळाची दोन टोकं असू शकतात हे कळायला बीआरसीए-१ ठाऊक असावं लागतं. म्हणजे आठवण होती, पण ती जोडणारा धागा नव्हता. आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी ती आठवण कधी विचारली नाही.

ही गुंतागुंत सगळ्यात ठळक दिसते ती या भागातल्या एका जुन्या सोयरिकीत. देशावर मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात दाखवलं की महाराष्ट्रात मामाच्या मुलीला पसंती आहे, आत्याची मुलगी मात्र टाळतात. मुलीच्या बाजूनं पाहिलं तर ती आत्याच्या घरी सून होऊन जाते. आता समजा, एका बाईला सदोष प्रत होती आणि ती चाळिशीत पोटाला पाणी होऊन गेली. तिच्या लेकीत आणि लेकात, दोघांतही ती प्रत उतरली. लेक सासरी गेली. लेकाला काही झालं नाही, तो निरोगी राहिला, त्याला मुलगी झाली आणि तिच्यातही प्रत गेली. ही मुलगी आत्याच्या घरात सून म्हणून आली. काही वर्षांनी सासूच्या छातीला गाठ, पुढे सुनेच्याही. गाव काय म्हणेल? सासू-सुनेत रक्ताचं नातं नसतं, म्हणून दुखणं त्या घरातलं आहे: वाड्याला दोष आहे, विहिरीचं पाणी वाईट आहे, कुणी करणी केली आहे. जरा शिकलेला माणूस म्हणेल, हा आजार लागट आहे. खरं कारण मात्र त्या दोघी आत्या-भाच्या असण्यात आहे. वंशावळीच्या कागदावर त्या दोघींची फक्त लग्नं दिसतात, तीही दिसली तर. उलट बाजूही आहे. अशा घरात सासूला सुनेची आजी कशी गेली हे पक्कं ठाऊक असतं, कारण ती तिचीच आई. बाईच्या बाजूची तीन पिढ्यांची हकीकत एका चुलीपाशी नांदत असे. साटंलोटं आणि घरातल्या घरातली लग्नं कमी झाली, ते चांगलंच झालं, पण त्याबरोबर ही आठवणही चार गावांत पांगली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मामाच्या मुलीशी लग्न केल्यानं हा कर्करोग होतो असं मी म्हणत नाही. बीआरसीएसारख्या जनुकाची एकच बिघडलेली प्रत धोका वाढवायला पुरते आणि ती परक्या घरच्या लग्नातूनही तितकीच उतरते. जवळच्या नात्यातल्या लग्नात वाढते ती दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत एकाच मुलात येण्याची शक्यता. तसं झालं तर चित्र निराळं आणि फार वाईट होतं, उदाहरणार्थ बीआरसीए-२ च्या बाबतीत फॅन्कोनी अॅनिमिया. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातले एल. डी. संघवी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये मुंबईतल्या बारा जातीअंतर्गत गटांत नात्यातली लग्नं किती होतात याची मोजणी छापली. त्याआधी संघवी आणि वसंत रामजी खानोलकर यांनी सहा गटांची आनुवंशिक लक्षणं तपासली होती. म्हणजे जात, सोयरीक आणि रक्त यांचा मेळ घालण्याचं काम मराठी मुलखात स्वातंत्र्याच्या आगेमागेच सुरू झालं होतं. ते झालं मुंबईत. बारामतीच्या बाजारपेठेपर्यंत पोचलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कर्करोग घराण्यात दिसला म्हणून तो घराण्यातून उतरला असं होत नाही. खरं आहे. शंभरातले पाच-दहा कर्करोगच अशा एका जनुकाच्या वारशानं येतात. उसाचा पट्टा असलेल्या या भागाला हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. गवताळ वाढ आणि काणी हे उसाचे रोग बेण्यातून येतात. शेजाऱ्याच्या फडातलं रोगट बेणं लावलं की आपल्या फडातही रोग उभा राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं जातच वाईट. प्रत्यक्षात ती लागण असते. निरोगी किंवा उष्णजल प्रक्रिया केलेलं बेणं लावलं तर तीच जात नीट येते. घरातही असंच होतं. आजी मिश्री लावते, आई लावते, लेक बघून लावते. तिघींच्या तोंडात जखम झाली तर ते कुळाचं देणं नव्हे, तंबाखूचं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे विषाणू असतो. प्रयोगशाळाही या फसगतीतून गेली आहे: उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग आईकडूनच येतो असं दिसे, आणि १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवलं की तो दुधातून येतो. पुढे त्या दुधात विषाणू सापडला. आपल्याकडे या उंदरांवर आयुष्य घालवलं ते पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. त्यांचा एम. एस्सी.चा विषय पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला, सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. तिथून त्या खानोलकरांकडे कर्करोगावर संशोधन करायला गेल्या आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट झाल्या. सीताफळापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंतचा हा प्रवास मला तरी सरळ वाटतो. बीजातलं काय आणि बाहेरून लागलेलं काय, हाच प्रश्न दोन्हीकडे. पण या आक्षेपानं माझं म्हणणं पडत नाही, उलट पक्कं होतं. मिश्रीचं आणि रक्ताचं वेगळं करायचं तर सासरी गेलेल्या, वेगळ्या चुलीवर जेवलेल्या, मिश्री न लावणाऱ्या लेकींचं काय झालं हे बघावं लागतं. लेकी गाळल्या की ही पारख करायचं साधनच जातं.

तिसरा आक्षेप आयुर्मानाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी इथलं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं; कर्करोग व्हायला माणूस जगतच नव्हता, असं म्हटलं जातं. ही सरासरी तान्ह्या मुलांच्या मरणानं खाली ओढलेली होती. लहानपण पार केलेली बाई चाळिशी गाठत असे. आणि घराण्यातून आलेल्या कर्करोगाची ओळखच ही, की तो लवकर येतो, पस्तिशीत, चाळिशीत. म्हातारपणचा कर्करोग त्या काळात विरळ असेल. हा तितका विरळ असण्याचं कारण नव्हतं. फक्त त्या वयात मेलेल्या बाईचं मरण बाळंतपणाच्या, अंगातल्या तापाच्या खाती सहज जमा होई.

शिवाय लपवाछपवी होतीच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सोयरिकीला वर्ज्य अशी दहा कुळं सांगितली आहेत. त्यात मूळव्याधीची, क्षयाची, अपस्माराची, कोडाची आणि कुष्ठाची कुळं आहेत. मनुस्मृती न वाचलेल्या घरातही सोयरीक जुळवताना ‘घराण्यात काही नाही ना’ ही चौकशी होत आली आहे. जिच्या आईला छातीची गाठ झाली तिला स्थळ यायचं कसं, या भीतीनं गाठीचं नाव निघत नसे. म्हणजे ज्या एका प्रसंगी दोन्हीकडच्या बायकांची हकीकत खरोखर विचारली जाई, त्याच प्रसंगी ती खोटी सांगण्याची गरज सर्वांत मोठी होती.

सरकारी नोंदीनं हे भरून काढलं का? देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ ची, पुण्याची १९७३ ची. ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीला, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारानं. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिनं धरली. नकाशा उघडून पाहावा: पुण्याची नोंदणी शहराची, बार्शीची उजनीच्या पलीकडची, आणि मधल्या जागेत बारामती-इंदापूर. बार्शीनं काम मोठं केलं. त्याच रुग्णालयाच्या मदतीनं उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा प्रयोग झाला, आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगानं वाचले: विषाणूची एकदा केलेली चाचणीसुद्धा मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. पण नोंदणीचं काम गावागणिक किती हे मोजण्याचं. वंशवृक्ष काढण्याचं नव्हे. बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं ते २०१९ मध्ये.

मग हे सगळं मौनावरून काढलेलं अनुमान नाही का? आहे. इथे अशी किती घराणी होती याचा आकडा मी सांगत नाही, तो सांगताही येणार नाही. कागदाची रचना पाहून एवढंच म्हणता येतं, की घराणी असती तरी या कागदात ती उमटली नसती. ज्या जाळ्याच्या भोकांतून मासा निसटतो त्या जाळ्याच्या भरवशावर तळ्यात मासा नाही म्हणता येत नाही.

जाळं मात्र हल्ली बदललं आहे, आणि तेही जमिनीमुळेच. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीनं आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा आला. नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या जमिनीला उसानं जो भाव आणला, त्यामुळे बारामती-इंदापुरात कुठलीही वारस नोंद आता हलक्यानं होत नाही. तलाठ्याकडच्या गाव नमुना ६-क मध्ये, वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत, मयताच्या लेकी येतात: नाव, वय, नातं, सासरचं गाव. विवाहित लेक वारलेली असेल तर तिची मुलं येतात, म्हणजे चक्क स्त्रीच्या अंगानं हक्क सांगणारी माणसं. १८८६ च्या कायद्यानं जी रेघ तोडली ती फेरफारात पुन्हा ओढली जाते. मग बऱ्याचदा दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र होतं, भाऊ बहिणींना साडी-चोळी करतो आणि सातबाऱ्यावर त्यांच्या नावांना कंस पडतो. कंसातलं नाव वाचता येतं. कर्करोगाच्या आनुवंशिक तपासणीला गेलेल्या बाईला समुपदेशक पहिल्या भेटीत दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या विचारतात: आत्या किती, मावश्या किती, कोण कोणत्या वयात कशानं गेलं. यातल्या ‘कशानं’चं उत्तर अजून घरातल्या म्हाताऱ्या बाईकडेच आहे, ‘पाणी झालं होतं’ या शब्दांत. बाकीची सगळी नावं, सासरच्या गावांसकट, तलाठ्याच्या कपाटात मिळतात.